एल्झाबाईंचा डगला

"कसर लागलीया," ठकूबाई म्हणाली. निळा स्वेटर तिनं उन्हाकडे धरला, दोन्ही हातांनी ताणला, उलटा केला, काखेतली शिवण बोटानं चाचपली. "हे बगा. हितनं आभाळ दिसतंय. येक वाटी. त्येच्यावर काय न्हाई."

मी हे जर्मनमध्ये सांगितलं. गेस्ट हाउसच्या पायरीवर ऐसपैस बसलेल्या एल्झा ब्रोकमान यांनी ते मन लावून ऐकलं आणि दोन बोटं वर केली.

"दोन वाट्या मागतायत," मी म्हणाले.

"दोन? गोरी बाई हाय म्हून काय झालं? भोक ते भोकच."

हेही मी जसंच्या तसं सांगितलं. त्यासरशी एल्झाबाई इतक्या मोठ्यानं हसल्या की काय झालं म्हणून वॉचमन काठी घेऊन धावत आला. मग त्यांनी स्वेटर परत ओढून घेतला, छातीशी धरला आणि त्याचे गुण सांगायला सुरुवात केली. हा माझ्या दुसऱ्या नवऱ्यानं दिला. तो अ‍ॅकॉर्डियन वाजवायचा. स्वेटर देऊन तिसऱ्या महिन्यात तो निघून गेला, पण स्वेटर टिकला.

"म्हंजी नवऱ्यापरास मजबूत हाय म्हनती," ठकूबाई म्हणाली. "बरं. दीड वाटी. येक मोठी, येक चटणीची."

सौदा झाला. स्वेटर टोपल्यात गेला, वाट्या पायरीवर आल्या. टोपलं उचलता उचलता ठकूबाईची नजर एल्झाबाईंच्या अंगावरच्या डगल्यावर अडकली.

"आन् त्यो?"

"तो नाही," मी विचारण्याआधीच एल्झाबाईंनी डगला अंगाभोवती घट्ट ओढला. हा प्रश्न कळायला त्यांना माझी गरज लागली नाही.

ही गोष्ट शहाऐंशी सालची. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. पुण्याला आत्याकडे राहून जर्मन शिकले होते, आणि आमच्या सोनगावपेठेत त्या भाषेचा काडीचाही उपयोग नसल्यामुळे गावभर थट्टेचा विषय झाले होते. "कुंदा, म्हशीला जर्मनमध्ये काय म्हणतात गं?" असं मला रस्त्यात थांबवून विचारणारी माणसं होती. मग गावाबाहेरच्या पंपांच्या कारखान्याला जर्मन भागीदार मिळाला, मी तिथे दुभाषी म्हणून लागले, आणि तीच माणसं मला कुंदाताई म्हणायला लागली. भागीदारीच्या आनंदात जर्मन मंडळींनी गावाला एक पुतळा भेट द्यायचं ठरवलं आणि तो करायला एल्झाबाईंना पाठवून दिलं.

आमचे नगराध्यक्ष आबासाहेब रणनवरे हे धडाडीचे गृहस्थ. पुतळा कुणाचा हे ठरायच्या आधीच त्यांनी एस.टी. स्टँडासमोरच्या चौकात चबुतरा बांधून टाकला होता. काळा कडाप्पा, चारी बाजूंनी पायऱ्या, वर लोखंडी साखळ्या. "पुतळा कुणाचाही होईल," ते म्हणायचे, "पण त्याला घोडा पाहिजे. घोडा असला की चौक भरल्यासारखा वाटतो."

एल्झाबाई साठीच्या. उंच, हाडापेरानं मजबूत, पांढरे केस कात्रीनं स्वतःच कापलेले. त्यांनी जन्मभर पुतळेच केले होते, पण घोड्यावरचा एकही नाही. त्यांच्याकडे फोटोंचं एक पाकीट होतं. ट्रामची वाट बघणारा माणूस. छत्री उलटी झालेली बाई. भांडणारी दोन मुलं. सगळे कांस्याचे आणि सगळे जमिनीवर, फुटपाथवर, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या मध्येच उभे. एका फोटोत तर खऱ्या माणसानं पुतळ्याच्या खांद्यावर हात टाकला होता आणि खरा कोण आणि पुतळा कोण ते कळायला मला वेळ लागला.

"चबुतरे नाहीत का तुमच्याकडे?" मी विचारलं.

"आहेत ना, ढिगानं. त्यांच्यावर सरदार आहेत आणि सरदारांवर कबुतरं आहेत. माझी माणसं खाली असतात."

त्या पंधरा-वीस दिवस गावात नुसत्या भटकल्या. खिशात ओल्या मातीचा गोळा असायचा. चहाच्या टपरीवर बसून त्या बोटांनी त्याचं काहीतरी करत राहायच्या आणि उठताना मोडून टाकायच्या. आबासाहेबांनी त्यांना गावातली थोर घराणी दाखवली, दिवाणखान्यातल्या तसबिरी दाखवल्या, त्यात स्वतःच्या वडिलांची जरा जास्त वेळ दाखवली. एल्झाबाईंनी सगळ्यांना हसून नमस्कार केला. आणि गेस्ट हाउसवर परत आल्या की बोहारणीची वाट बघत पायरीवर बसायच्या.

ठकूबाई आमच्या गावची पिढीजात बोहारीण. जुने कपडे घ्यायचे, बदल्यात भांडी द्यायची. पन्नाशीची, काटक, कपाळावर गोंदण, आणि जीभ अशी की तहसीलदाराची बायकोसुद्धा तिला दारात बघून आधी पाणी विचारायची. एल्झाबाईंशी तिचं जमलं ते घासाघिशीवर. आठवड्याभरात त्यांच्या बॅगेतले निम्मे कपडे टोपल्यात गेले होते आणि गेस्ट हाउसच्या खिडकीत वाट्या, चमचे, गाळणी आणि एक शेवेचा सोऱ्या मांडलेला होता. सोऱ्याचं काय करायचं हे त्यांना माहीत नव्हतं. मातीच्या शेवया पाडून त्यांनी तो वापरात आणला.

प्रत्येक कपड्याबरोबर त्या एक गोष्ट सांगायच्या आणि भाव वाढवून मागायच्या. ठकूबाई गोष्ट पूर्ण ऐकून घ्यायची आणि भाव अजिबात वाढवायची नाही. रेनकोट गेला, त्याची गोष्ट अशी की तो घालून त्या पहिल्या अनावरणाला गेल्या होत्या आणि तिथला महापौर चिखलात घसरून पुतळ्याच्या मांडीवर जाऊन बसला होता. हिरवा झगा गेला, तो एका प्रदर्शनासाठी शिवलेला, जिथे टीकाकारांनी लिहिलं होतं की आजकाल माणसासारखी माणसं घडवणं ही जुनाट फॅशन आहे. "मग काय केलंत?" मी विचारलं. "आणखी माणसं केली," त्या म्हणाल्या.

आणि रोज शेवटी ठकूबाई विचारायची, "डगल्याचं काय ते बोला."

डगला खरं तर फाटायला झाला होता. जाड करड्या कापडाचा, गुडघ्यापर्यंत लांब, अंगभर प्लास्टरचे डाग. पाच बटणं. चार काळी, सारखी. तिसरं मात्र लाकडाचं, सुपारीपेक्षा मोठं आणि वेडंवाकडं. सकाळच्या थंडीत आणि कामाच्या वेळी त्यांच्या अंगावर तो असायचाच. त्याची गोष्ट मात्र त्या सांगत नव्हत्या.

एक दिवस त्या मला म्हणाल्या, "मला ही करायचीय."

"कोण?"

"ठकू. टोपलं खाली ठेवून बसलेली. हातात कुणाचंतरी कापड घेतलेली."

मला हसू आलं. मग त्यांनी आपले हात माझ्यासमोर धरले. बोटांचे सांधे सुजून गाठी झाल्या होत्या. सकाळी जॅमच्या बाटलीचं झाकण मीच उघडून द्यायचे, पण मी ते वयामुळे असेल म्हणून सोडून दिलं होतं.

"डॉक्टर म्हणाले, एक पुतळा. फार तर एक. मग ही बोटं मिटतील आणि पुन्हा नीट उघडणार नाहीत. घोड्यावर ती घालवायची नाहीत मला. ती बाई कापड हातात घेते ना, तेव्हा पायाच्या अंगठ्यापर्यंत विचार करत असते. तशी बाई मी चाळीस वर्षांत बघितली नाही. तिला विचार."

मी विचारलं. ठकूबाईनं हातातलं पातेलं खाली ठेवलं.

"माजा पुतळा?"

"हो, मावशी. चौकात."

"अगं पोरी, जित्या मानसाचा पुतळा कवा बगितलायस तू? पुतळा झाला की हार आला. हार आला की मानूस संपलं. माज्या दाल्ल्याचा फोटू हाय घरात, त्येला घालते म्या हार. मला अजून धा वर्सं जगायचंय." तिनं टोपलं डोक्यावर घेतलं. "सांग तिला, बाई चांगली हाय, पर डोस्कं फिरलंया."

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. एल्झाबाई पायरीवर बसून राहिल्या. मातीचा गोळा खिशातून निघाला नाही. मग त्याच उठल्या आणि म्हणाल्या, "चल, तिच्या घरी."

ओढ्याच्या पलीकडे ठकूबाईचं घर. अंगणात जुन्या कपड्यांचे ढीग लावून ती निवड करत होती. आम्हाला बघून ती उठली नाही, पण एक पोतं झटकून पुढे सरकवलं. एल्झाबाई त्यावर बसल्या आणि काही न बोलता तिच्याबरोबर कपडे निवडायला लागल्या. सुती इकडे, टेरिलिन तिकडे. बराच वेळ असा गेला. चुकलं की ठकूबाई हातावर चापट मारायची.

"बोटास्नी काय झालंय हिच्या?" तिनं मला हळूच विचारलं.

मी सांगितलं. ही शेवटचीच मूर्ती, हेही सांगितलं. ठकूबाईनं एक सदरा उगाच दोनदा घडी केला.

"मग घोडा कर म्हनावं. आबासायेब खूश हुतील."

"त्यांना तुमचीच करायचीय."

ठकूबाईनं सदरा ढिगावर टाकला. मग तिचा चेहरा एकदम धंद्याचा झाला. "दोन अटी. येक, हार घालायचा न्हाई. कवाच न्हाई, कुनीच न्हाई. घातला तर म्या तितंच चार मानसांत बोंब ठोकीन. आन् दुसरी," तिनं बोट रोखलं, "त्यो डगला."

मी सांगितलं. पहिल्यांदाच असं झालं की एल्झाबाईंनी बोटं वर केली नाहीत, भाव केला नाही. त्या डगल्याच्या लाकडी बटणावर अंगठा फिरवत राहिल्या. आणि मग त्यांनी त्याची गोष्ट सांगितली.

"हा माझ्या वडिलांचा. ते थडग्यांच्या दगडांवर नावं कोरायचे. गावातल्या सगळ्या मेलेल्यांची नावं त्यांच्या हातची होती. युद्धात गेले आणि कुठे पडले ते कुणालाच कळलं नाही. त्यांच्या नावाचा दगड कुठेच नाही. युद्ध संपलं तेव्हा मी एकोणीस वर्षांची. पडलेल्या घरांच्या विटा वेचायला आम्हा बायकांना लावलं होतं. थंडी मरणाची. डगल्याचं एक बटण तुटलेलं. मोडक्या खुर्चीच्या पायातून मी हे कोरलं. ही माझी पहिली मूर्ती. तेव्हापासून मी कुठल्याच पुतळ्यावर सही करत नाही. ज्यानं सगळ्यांची नावं कोरली त्याचंच राहिलं, मग माझं कशाला हवं?"

मला हे मराठीत सांगताना दोनदा थांबावं लागलं. ठकूबाईनं सगळं ऐकून घेतलं, पदरानं नाक पुसलं आणि म्हणाली, "वंगाळ झालं. पर सौदा त्यो सौदा. डगला पायजे."

एल्झाबाईंनी मान हलवली. "काम संपल्यावर."

"झालं," म्हणून ठकूबाईनं त्यांच्या सुजलेल्या हातावर हळूच टाळी दिली.

परत येताना त्यांनी मला हाराचं विचारलं. मी आपली समजूत सांगितली. जिवंत माणसाला घालायचा तो गळ्यात, तसबिरीला आणि पुतळ्याला घालायचा तो गेलेल्याला. त्या म्हणाल्या, "आमच्याकडे माझा विटा वेचणाऱ्या बाईचा पुतळा आहे ना, तिच्या गळ्यात हिवाळ्यात कुणीतरी मफलर घालून जातं. दर वर्षी नवा. मला फार आवडतं ते." त्यांनी मान डोलावली खरी, पण हार म्हणजे उन्हाळी मफलर असंच काहीसं त्यांच्या डोक्यात बसलं, अशी माझी खात्री आहे.

कारखान्याच्या रिकाम्या शेडमध्ये काम सुरू झालं. एल्झाबाईंची रीत अशी की समोरच्यानं गप्प बसायचं नाही. निश्चल बसलेल्या माणसाचा फक्त कंटाळा मातीत उतरतो, असं त्या म्हणायच्या. त्यामुळे ठकूबाईशी घासाघीस करत राहायचं काम माझ्यावर आलं. मी घरातले जुने कपडे नेऊन तास तास भांडायचे आणि समोर मातीची ठकूबाई हळूहळू बसती व्हायची. कपडे संपल्यावर मी जुने नसलेलेही न्यायला लागले. आईला आपलं जांभळं पातळ दांडीवर दिसेना आणि फडताळात इडलीपात्र दिसलं, तेव्हा घरात जे झालं ते इथे सांगण्यासारखं नाही.

मध्येच एकदा आबासाहेब शेडमध्ये आले. मातीच्या ठकूबाईकडे त्यांनी समोरून पाहिलं, बाजूनं पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"कुंदाताई, ही बोहारीण आहे."

"हो, आबासाहेब."

"ही माझ्या चबुतऱ्यावर बसणार? गावाची काही इज्जत? बाहेरून बस येते, माणूस उतरतो, पहिलं काय बघतो, तर वाटी दे, पातळ घे?"

मी एल्झाबाईंना सांगितलं. त्यांनी हात पुसले आणि आम्हा दोघांना घेऊन तडक चौक गाठला. चबुतऱ्याला एक चक्कर मारून त्या सगळ्यात खालच्या पायरीवर बसल्या आणि शेजारी टोपल्याएवढी जागा हातानं दाखवली. "ती इथे बसेल. दमली की माणसं पायरीवर बसतात, तशी. वर नाही."

"आणि वर?" आबासाहेबांनी विचारलं.

"वर मोकळं."

आबासाहेबांनी मोकळ्या चबुतऱ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. त्यांच्या मनात वडिलांची तसबीर आली असावी, किंवा आणखी पुढचं काही. "मोकळं म्हणजे पुढेमागे तिथे कुणालाही... म्हणजे योग्य वेळ आली की..."

मी मान डोलावली.

"हरकत नाही," आबासाहेब एकदम उदार झाले. "गरिबाचाही मान राखला पाहिजे. बसू दे खाली."

मूर्ती होत आली. शेवटी राहिलं होतं टोपल्यातल्या कपड्यांचं काम. ते करताना एल्झाबाईंनी आम्हा दोघींना बाहेर काढलं. "घासाघीस संपली. आता कापडाशी माझं मी बघते," म्हणाल्या. त्या दिवसांत त्यांची बोटं फार दुखत असणार, कारण शेडमधून शिव्या ऐकू यायच्या. त्यांचं भाषांतर करायला मला कुणी सांगितलं नाही हे बरं झालं. मग प्लास्टरचा साचा घेतला, तो कोल्हापूरला ओतकामाला गेला, आणि अक्षय्यतृतीयेच्या आदल्या दिवशी गवतात गुंडाळलेली कांस्याची ठकूबाई ट्रकमधून गावात आली.

अनावरणाला सगळं गाव लोटलं. ठकूबाई नव्या हिरव्या लुगड्यात पहिल्या रांगेत, हाताची घडी घालून. एल्झाबाई तिच्या शेजारी, वैशाखाच्या उन्हात डगला घालून. आज तो द्यायचा होता, म्हणून शेवटचा अंगात घातला असावा. आबासाहेबांचं भाषण झालं. त्यांनी दोरी ओढली, पडदा पडला, आणि चौकातून एकच "अगाऽ" निघाला.

ती ठकूबाईच होती. पायरीवर बसलेली, एक गुडघा वर, दोन्ही हातांत कापड ताणून उन्हाकडे धरलेलं. एक डोळा बारीक. पुढच्या क्षणी ती म्हणणार, येक वाटी. बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. पोरं ओरडली, "ठकूमावशी, भोक सापडलं का?" खरी ठकूबाई पुढे वाकून बघत होती. तिचा चेहरा असा काही फुलला होता की मी तो तसा आधी कधी बघितला नव्हता.

आणि तेवढ्यात आबासाहेबांनी शिपायाच्या हातातल्या तबकातून झेंडूचा भलामोठा हार उचलला. त्यांच्या हातांना सवयच ती. पडदा पडला की हार. मी "आबासाहेब!" म्हणेपर्यंत तो पुतळ्याच्या गळ्यात पडलासुद्धा.

चौक एकदम चिडीचूप झाला. म्हाताऱ्या बायकांनी एकमेकींचे हात धरले. त्या शांततेत टाळ्यांचा आवाज आला. एल्झाबाई. आपल्या बाईला कुणीतरी मफलर घातला म्हणून त्या आनंदानं, एकट्याच, त्या दुखऱ्या हातांनी टाळ्या वाजवत होत्या. मग आजूबाजूचे चेहरे बघून त्यांचे हात थांबले. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मला वाटतं तेव्हा त्यांना कळलं. त्यांचा रंगच उडाला. ही शेवटची मूर्ती, आणि तीच हिच्या जिवावर उठली असं आता गाव म्हणणार. उद्या कुणीतरी पहार घेऊन येणार. मला रडूच यायला लागलं.

ठकूबाई उठली. सावकाश चालत पुतळ्यापाशी गेली. स्वतःच्या कांस्याच्या गळ्यातून तिनं हार काढला आणि हातावर तोलून बघितला.

"आबासायेब," ती म्हणाली, "ह्यो हार कुनाच्या नावाचा?"

आबासाहेबांना घाम फुटला होता. "तु... तुझ्याच की, ठकूबाई. म्हणजे मानाचा..."

"मानाचा न्हवं? मग म्या हितं उबी हाय. तिला कशाला?" आणि तिनं हार आबासाहेबांच्या हातात परत दिला, पदर नीट केला आणि मान खाली वाकवून त्यांच्यासमोर उभी राहिली.

सगळं गाव बघत होतं. आबासाहेबांनी जन्मात कुणा बोहारणीला हार घातला नसेल. त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि घातला. ठकूबाईनं मान वर केली, हार दोन्ही हातांनी सारखा केला आणि गर्दीकडे वळून म्हणाली, "बगितलं का? जित्ती हाय म्या. ज्याच्या घरात जुनी कापडं हायेत त्येनं उद्या काढून ठेवा."

मग जो हशा आणि टाळ्यांचा गजर झाला, त्यात स्टँडातली बससुद्धा हॉर्न वाजवायला लागली.

गर्दी पांगल्यावर एल्झाबाईंनी डगला काढला, त्याची घडी घातली आणि ठकूबाईच्या हातात दिला. ठकूबाईनं तो आधी उन्हाकडे धरून बघितला. ते दोष काढायला नव्हे, हाताची सवय म्हणून असावं. मग टोपल्यातून झाकणाचं सगळ्यात मोठं पातेलं काढून तिनं एल्झाबाईंपुढे ठेवलं.

"सौद्यात हे नव्हतं, मावशी," मी म्हणाले.

"नसंना का. फुकाटचं कापड अंगाला लागत न्हाई."

एल्झाबाई ते पातेलं विमानात मांडीवर घेऊन गेल्या. पुन्हा त्या आल्या नाहीत आणि त्यांनी दुसरी मूर्तीही केली नाही. अधूनमधून फोन करायच्या. चबुतरा मोकळा आहे का, विचारायच्या. तो मोकळाच राहिला. आबासाहेब पुढची निवडणूक हरले, साखळ्या चोरीला गेल्या, आणि बसची वाट बघणारी माणसं वर पाय सोडून बसायला लागली. पोरं पुतळ्याच्या मांडीवर चढायची. कुणी टोपल्यात पिशवी ठेवून पान खायला जायचं.

अकरा वर्षांनी एका सकाळी कारखान्यात फोन आला. एल्झाबाई गेल्या होत्या. त्यांची भाची सांगत होती की आत्याच्या स्वयंपाकघरात एक मोठं पातेलं आहे, त्यात ती शेवटपर्यंत बटाटे उकडायची, ते कुठलं ते तुम्हाला ठाऊक आहे का.

फोन ठेवून मी चौकात गेले. वाटेत फुलवाल्याकडून एक हार घेतला. का घेतला हे मला सांगता आलं नसतं, कारण घालायचा कुणाला? त्यांचा फोटोसुद्धा माझ्याकडे नव्हता. ठकूबाई आता फेरीला जात नसे. दिवसभर स्वतःच्याच पुतळ्याशेजारी पायरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांची चौकशी करायची. मी तिच्याजवळ बसले आणि सांगितलं.

तिनं पुतळ्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. मग म्हणाली, "चांगली हुती. भाव लई करायची, पर चांगली हुती."

"तो डगला आहे का हो, मावशी, तुमच्याकडे?" मी विचारलं. "त्याला तरी घालावा म्हटलं हार."

"डगला? त्यो तवाच इकला की. त्याच हप्त्यात. म्हसवडच्या बाजारात येका मेंढक्यानं नेला."

मला तिचा रागच आला. त्या बाईनं बापाची शेवटची आठवण काढून दिली, आणि हिनं आठवडाभरही ठेवली नाही! "विकलात? अहो, त्यांनी तो कधी कुणाला दिला नव्हता!"

"मग? बोहारीण हाय म्या. कापड ठिऊन काय करू?" ठकूबाई उठली आणि गुडघ्यावर हात टेकत पुतळ्याच्या टोपल्याशी गेली. "आन् इकला म्हून कुटं गेला? हितंच हाय की. ये, बग."

मी वाकून बघितलं. अकरा वर्षं मी या पुतळ्यावरून रोज जात होते. टोपल्यात कांस्याच्या कपड्यांचा ढीग होता, तो मी नेहमी नुसता ढीग म्हणूनच बघितला होता. सगळ्यात वर एक जाड डगला, अर्धवट घडी केलेला, एक बाही टोपल्याच्या काठावरून खाली लोंबणारी. पुढे बटणं. चार लहान, सारखी. तिसरं मोठं आणि वेडंवाकडं, पोरांचे हात लागून लागून सोन्यासारखं झळझळीत झालेलं.

"तुम्हाला कधी कळलं?"

"कवा म्हंजी? पडदा पडला तवाच. बाकी समदी हार बगत हुती. म्या कापड बगत हुते."

माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. कुठल्याच पुतळ्यावर जिनं नाव घातलं नाही, ती बाई आपल्या बापासकट, आपल्या पहिल्या मूर्तीसकट, शेवटच्या मूर्तीच्या टोपल्यात जाऊन बसली होती. आणि कुणाला सांगितलंसुद्धा नव्हतं.

"आन त्यो हार हिकडं," ठकूबाई म्हणाली. "माज्या गळ्यात न्हाई हां, म्या हाय अजून. तितं. बटनावर."

मी हार त्या बटणाला अडकवला. ठकूबाईनं पदराच्या टोकानं कांस्याच्या बाहीवरची धूळ पुसली, दोन बोटांनी ती चिमटीत धरून बघितली आणि पुन्हा पायरीवर येऊन बसली.

"लई घासाघीस केली बाईनं," ती म्हणाली. "पर आली शेवटी टोपल्यात."